त्या मुलाची आई गप्प होते ते पान

गुरुवार, संध्याकाळ
राइट टाउन, जबलपूर

बाबांना दिसेनासं झालं तेव्हापासून मीच त्यांना वाचून दाखवते. सध्या एका आफ्रिकी लेखकाची कादंबरी चालू आहे, त्याच्याच बालपणाची. पुस्तक इंग्रजी, मी मराठीत सांगत जाते.

आज तो मुलगा मिशनच्या शाळेतून सुट्टीत घरी आला. आईनं विचारलं, भूक लागली का? त्यानं इंग्रजीत उत्तर दिलं आणि ती गप्प झाली. तिथं माझी मोठेपणी शिकलेली मराठी अपुरी पडली. मी हिंदीत सांगू लागले.

"हे काय बोलून राहिली तू?" बाबा म्हणाले. "मराठीत सांग न."

"शब्द नाही येत, बाबा."

"येतीन कसे? तुला कॉन्व्हेंटात घातलं तेव्हा मीच घरात मराठी बंद केली, तुझ्याशी फक्त इंग्रजीच बोलायचं म्हटलं. तुझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं. ती तुझ्याशी बोलायचीच कमी झाली."

मला वाटायचं, आईचा स्वभावच अबोल. पण शेजारणींशी तर ती भरभरून बोलायची! म्हणजे फक्त माझ्याशीच...

बाबांवर रागावू? आता, या वयात? नाही. पण हे पुस्तक सोडणार नाही. सगळं मराठीत लिहून काढणार, अडलं की त्यांनाच विचारणार. तसं सांगितलं तर म्हणाले, "मग बस आत्ताच."

आई गप्प होते ते पान आम्ही दोघांनी मिळून पुरं केलं. वाचून दाखवताना बाबा रडू लागले. मी थांबले नाही.