चौसष्टचा आकडा

३ जून, सोमवार
आज अतिदक्षता विभागात कामावर रुजू झालो. पांढरा कोट मिळाला. बाही दोन बोटे लांब आहे, आई दुमडून देणार आहे. काम स्वच्छ आहे. पेशंटच्या हाताला किंवा पायाला एक पट्टी लावायची. तिचा तांबडा उजेड कातडीतून आत जातो आणि मांसात किती ऑक्सिजन उरला आहे, तो आकडा पडद्यावर येतो. सुई नाही, रक्त नाही. दर तासाला आकडा वहीत लिहायचा. साठाच्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन करायचा. सिस्टर नाचिसाले म्हणाल्या, "लिंबानी, शाळा आठवीत सोडलीस, पण अक्षर हेडमास्तरांचे आहे." दुपारी त्यांच्याच डब्यातला नसिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि तळलेली सुकी मासळी खाल्ली.

५ जून, बुधवार
पट्टी एकदाच वापरायची, असे पाकिटावर छापले आहे. आमच्याकडे एकच उरली आहे. तीच धुऊन, पुसून, बँडेजने बांधतो. आज तिच्या गोंदात केस, पांढरी साल आणि व्हॅसलीन यांचा थर सापडला. नखाने खरवडला. दोनदा साबण लावूनही नखाखालचा वास जात नाही.
आता ती चार नंबरच्या खाटेवर, नासिबेको आजींच्या पोटरीला आहे. पायातली जखम चिघळून विष अंगभर पसरले आहे. पाय कापायचा की नाही, ते डॉक्टर माझी वही पाहून ठरवणार. मुलगी एनेलेसी बाहेरच्या चुलीवर आईसाठी रांधते आणि दर तासाला दारातून विचारते, दादा, किती? चौसष्ट म्हटले की हसते.

७ जून, शुक्रवार
काल दिवसभर चौसष्ट. आजही चौसष्ट. पण आजींच्या पायाची बोटे काळी पडली आहेत. चादर उचलली की गोडसर वास येतो, उतरलेल्या फळासारखा. सिस्टरना सांगितले. त्या म्हणाल्या, "नाकाचा रकाना आहे का रे वहीत?"
मी चौसष्ट लिहिले.

८ जून, शनिवार
धुवायला पट्टी सोडवली, तर खालची कातडी तिच्याबरोबर निघून आली, उकडलेल्या टोमॅटोच्या सालीसारखी. पट्टी माझ्या चिमटीत लोंबत होती. पडद्यावर चौसष्ट.
एनेलेसीने बाजारातून शेळीची कलेजी आणली होती. ती पाणी भरायला गेली तेव्हा पट्टी कच्च्या तुकड्यावर ठेवली. चौसष्ट.
तिने तीच कलेजी शिजवली. आजींनी तोंड उघडले नाही, म्हणून मला वाढली. नको म्हणता येईना. खाल्ली.
डॉक्टरांना आजच फोन करायला हवा. पण वहीतले सगळे चौसष्ट माझ्याच अक्षरात आहेत. ते सोमवारी येतील तेव्हा सांगेन.

९ जून, रविवार
सकाळी नऊला आजी गेल्या. पडद्यावर चौसष्ट.
एनेलेसी रडली नाही. म्हणाली, "दादा, आकडा तर चांगला होता ना."
खात्री करायची होती. पट्टी घासून धुतली आणि स्वतःच्या उजव्या तळहातावर, अंगठ्याखाली ठेवली. चौसष्ट.
निघत नाही.

१० जून
गरम पाणी. स्पिरिट. सुरी — कडेने पिवळे काहीतरी ओघळते. ते माझे की आजींचे —
पट्टीची वायर उपटली. आकडा गेला नाही.
बोटे काळी. तोच गोडसर वास. कलेजीची चव तोंडातून जात नाही —
डॉक्टर आले. मी हात पुढे केला, सगळे सांगितले. त्यांनी वही मागितली. सिस्टर म्हणाल्या, ताप डोक्यात गेला आहे, पण आकडा चांगला आहे.

११
डाव्या हाताने लिहितो. अक्षर वाईट आहे.
चार नंबरची खाट. चादर गळ्यापर्यंत. घशातून आवाज निघत नाही —
आई दारात आहे. आत येऊ देत नाहीत. दर तासाला विचारते, किती — सिस्टर सांगतात —
ती हसते.
हे पान फाडून तिच्याकडे — कुणीही —
आई, आकडा विचारू नकोस. चादर उच