डाव्या हाताची मेंदी

कैरवान,
सोमवार, ८ जानेवारी १९९६

माझ्या शाद्ली,

सलाम. तू, भावजय आणि पोरं खुशाल असाल. इथे थंडी मी म्हणतेय. टॅक्सीवाल्याबरोबर मकरूद मिठाईचा डबा पाठवतेय, आत भरायला खजूर यंदा बरा मिळाला. फोन मुद्दामच केला नाही. तुमच्याकडे फोन नेहमी भावजयच उचलते.

ट्यूनिसमधलं तुझं जुन्या वस्तूंचं दुकान कसं चाललंय? नवी गाडी घेतलीस म्हणे. कशी काय, ते विचारत नाही.

आपल्या गल्लीतल्या मशिदीत चोरी झाली. रमजान तोंडावर आला म्हणून आम्ही बायका आमची बाजू धुवायला गेलो होतो. कोपऱ्यातल्या मेंदीच्या फरशीवर शेजारच्या दलंदानं ओलं फडकं फिरवलं, तर पंजाची दोन बोटं फडक्यातच आली! आजारातून मूल उठलं की आई तिथे मेंदीचा हात उमटवते; हातावर हात चढून खालचे ओळखूही येत नाहीत. त्या जुन्या फरशीच्या बारीक भेगांत मुरलेला रंग कधी पुसला गेलाय का? आणि ही निघाली गुळगुळीत, कोरी नक्कल; खरी फरशी कुणीतरी काढून नेलेली.

"अगं, हा तर डावा हात!" दलंदा म्हणाली. "मेल्याला एवढंही ठाऊक नाही की मेंदी उजव्या हाताची असते. पुरुषच तो!"

सगळ्या खो खो हसल्या. मला काही हसू आलं नाही.

मशिदीची चावी हमूदा काकांकडे असते, म्हणून सगळं त्यांच्यावर शेकलंय. अब्बांच्या मागे ज्यांनी आपल्याला जेवू घातलं, तेच हे काका. शुक्रवारच्या नमाजानंतर त्यांना पोलिसांच्या हवाली करणार आहेत.

उन्हाळ्यात तू कुणा मित्राला भिंतीची ओल दाखवायला आणलं होतंस ना? काकांनी विश्वासानं चावी दिली आणि ते जेवायला घरी गेले. ओल तशीच आहे, शाद्ली. कसलं काम केलंत मग?

टायफॉइडमधून तू उठलास तेव्हा आई तुला तिथे घेऊन गेली होती. तू तिच्या उजव्या कडेवर, काही केल्या खाली उतरेनास. शेवटी तिनं डावाच हात उमटवला. अख्खी गल्ली तिला हसली. दर ईदला हा किस्सा तूच रंगवून सांगायचास. मोठा झाल्यावर बायकांच्या बाजूला तुझं येणं बंद झालं. बाकीच्या आयांचे हात तू पाहिलेस कुठे? तुझ्या डोळ्यांपुढे राहिला तो आपल्या आईचाच.

मला तुझा राग येतोय आणि रडूही येतंय. माझा संशय खोटा ठरला तर मी तुझे पाय धरीन.

आज सकाळी काका दारात उभे राहून म्हणाले, "पोरी, शाद्लीला कळवलंस का गं? त्याच्या मोठ्या लोकांत ओळखी आहेत. तो सोडवील मला."

मी म्हटलं, "आजच लिहिते, काका."

शुक्रवारी नमाजाआधी फरशी घेऊन ये. विकली असलीस तर गाडी वीक आणि परत मिळव. नाही आलास, तर तो डावा हात कुणाच्या आईचा, ते मी मशिदीच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगेन.

शुक्रवारपर्यंत तुझी बहीण,
मबरूका