पेत्रोनाचं डुक्कर सिनेमात का नाही

लाडके बासिलिया,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, देओलिंदाचे, पोटभर आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? राजधानीतल्या डॉक्टरच्या गोळ्या घेतेस की अजून उशीखाली लपवतेस? (माझं मीठ बंद केलंय. घरचा चिपा पाव चघळताना लाकूड चघळल्यासारखं वाटतं.)

अगं, मी सिनेमात आहे! पण आनंद राहू दे बाजूला, आधी माझा संताप ऐक. गेल्या वर्षी तो एर्नान नावाचा दिग्दर्शक आपल्या धक्क्यावर आपल्या लहानपणीच्या चाकोच्या लढाईचा सिनेमा काढायला आला होता ना, त्याने आम्हा म्हाताऱ्यांना काळे शेले देऊन उभं केलं. म्हणाला, नुसतं नदीकडे बघा. मी कुठली नदी बघतेय! कॅमेऱ्याच्या मागे शेजारच्या पेत्रोनाचं डुक्कर माझ्या साबुकंदाच्या वाफ्यात तोंड खुपसून बसलेलं. ओरडायची सोय नाही (ओरडलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि त्या उन्हात ही तिसरी खेप). ओठ आवळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या डुकराला मनातल्या मनात शिव्या देत राहिले.

परवा चर्चच्या दालनात सिनेमा दाखवला. सुरुवातच ती. सैनिकांनी भरलेली बोट, पोरं हात हलवतायत, बँड वाजतोय. मग बँड एकदम बंद. (मी मागे वळून ओरडले, "अरे, आवाज गेला!" सगळ्यांनी मलाच गप्प केलं.) नुसती बोटीची धकधक, आणि पडदाभर माझं तोंड! एकेक सुरकुती नांगरटीएवढी. झालं, अख्खं दालन हुंदके देऊ लागलं. आणि पेत्रोना, जिच्या डुकराने हे सगळं केलं, ती माझ्या गळ्यात पडून रडते!

एर्नानला दाराआड गाठला. "खोटारड्या! मी डुकरावर चिडले होते."

"आजी, तोंड तुमचंच आहे. त्याच्या आधी काय दाखवलं, त्यावरून लोक ठरवतात तुमच्या मनात काय चाललंय."

"माझ्या मनातलं ठरवणारे लोक कोण? मला विचार की!"

तर त्याने मला पाद्रीबाबांच्या खोलीत नेलं, आपल्या यंत्रावर बोटीच्या जागी एक डुक्कर जोडलं आणि पुन्हा तेच तोंड दाखवलं. बासिलिया, हसून हसून खुर्चीवरून घसरले. तोंड तेच गं, केसभर फरक नाही!

"सिनेमा राजधानीला न्यायच्या आधी काढून टाकू तुमचं तोंड?" त्याने विचारलं. "तुमची मर्जी."

मी म्हटलं, बोटीसकट राहू दे. (पण खोटारडा तो खोटारडाच.)

तुझी,
देओलिंदा

ता. क. पेत्रोनाला डुकराचं बोलू नकोस. माझ्या दुःखासाठी म्हणून तिने त्याची एक मांडी कबूल केलीय.

आणखी एक. आपला आगापितोदादा लढाईवर गेला ती बोट आठवते? त्याने जाताना हातात दिलेल्या एका चिपासाठी आपण दोघी झिंज्या उपटत होतो. मान वर केली तेव्हा बोट वळणापलीकडे, आणि दादा काही परत आला नाही. पडद्यावर मी त्या बोटीकडे बघतेय गं, शेवटपर्यंत.

रविवारी पुन्हा दाखवणार आहेत. गुडघ्यांचं कौतुक पुरे, ये. मला एकटीला बघवत नाही. येताना एक चिपा आण, चांगला खारट. अर्धा-अर्धा खाऊ, पण बोट गेल्यावर. तोवर मान खाली घालायची नाही.