किडलेले मूग

मंगळवार, संध्याकाळ

आईने माझ्या बरणीतले किडके मूग गच्चीवर उन्हात घातले, मग पाखडून ठेवले. प्रबंधासाठी वाढवलेले भुंगेरे त्यातच होते. सगळे गेले. रागवायचे तरी कसे? मूग अगदी स्वच्छ दिसत होते.

दादा हसला. "किडे पाळून पगार मिळतो का? चाकणला कंपनीत लाग."

नाही. एम.एस्सी. याच भुंगेऱ्यांवर करणार.

संत तुकाराम नगरात दारोदार विचारले, "काकू, किडलेले मूग आहेत का?"

"आमच्याकडे? छे गं बाई!"

प्रत्येक घरी हेच. स्वतःच्या घरातली कीड कोण कबूल करणार?

दिवेलागणीला खालच्या काकू आल्या. पदराआडून पुडी काढली. "कुणाला बोलू नकोस हं."

पुडी उघडली. मूग भोकाभोकांचे, भुंगेरे भरपूर. उद्यापासून पुन्हा पहिली पिढी.