चार थेंब मालबेक

शनिवार, संध्याकाळ

उद्या हॉटेलवाल्यांसमोर या मालबेक वाइनची ओळख करून द्यायचीय, म्हणून आज कोलशेतला घरीच तालीम केली. समोर एकटे सासरे, जन्मभर खाडीत होडी चालवणारे. मी सांगत सुटले, उंच डोंगरावरची द्राक्षं, मालबेक धरून तीन जातींचं मिश्रण, बनवायची पद्धत फ्रेंच. बाबांनी ग्लासात बोट बुडवून पितरांसाठी चार थेंब खाली शिंपडले. नुकतीच पुसलेली फरशी! चिडलेच मी.

"माजा बा खाडी सोडून कदी कुठं गेला नाय गो," ते म्हणाले. "त्याला पन कलू दे, डोंगरावरची कशी लागते."

चिडायला नको होतं का? थेंब अजून पुसलेले नाहीत.

उद्या बोलण्याआधी मीही चार शिंपडणार. विचारलंच कुणी, तर सांगेन, आजेसासऱ्यांचे आहेत.