कुत्र्याचा वाटा

गुरुजी, कुत्रं कुत्र्यावर का धावतं हे तुम्ही आम्हाला कधी शिकवलं नाही. धूर दिसला की विस्तव कधी मानावा, कधी मानू नये, मानल्यावर समोरच्याने खोडून काढलं तर काय म्हणावं, हे सगळं वाईच्या पाठशाळेत तुम्ही बारा वर्षं आमच्या डोक्यात भरलंत. डोकं भरलं, पण त्यात कुत्र्याचं प्रकरण नव्हतं. आता पन्नाशी जवळ आल्यावर, सांगलीच्या हायस्कुलात मुलांकडून विभक्ती घोकून घेता घेता, हा प्रश्न माझ्या दारात येऊन बसला आणि विचारायला तुम्ही नाही. म्हणून लिहितो. तुम्ही असतात तर आधी अक्षराला नावं ठेवली असतीत, हेही जाणून आहे.

दरवर्षी तुमच्या तिथीला मी वाईला येतो. घाटावर तर्पण, पाठशाळेत जेवण, आणि संध्याकाळच्या सर्व्हिस मोटारीने साताऱ्याकडे परत. यंदा वैशाखात स्टँडवर उभा होतो, तर महाबळेश्वराहून उतरलेल्या मोटारीच्या टपावर, वळकट्यांच्या मध्ये, एक कुत्री बांधलेली. साहेब लोक बंगले मोकळे करून विलायतेला निघाले होते आणि रोज कोणाची ना कोणाची खुर्ची, कपाट, ग्रामोफोन खाली येत होता. कुत्री प्रथमच पाहिली. ड्रायव्हर मला दर वर्षी बघतो, त्यामुळे त्याने संकोच केला नाही. म्हणाला, "मास्तर, ही घेऊन जावा. सायबानं निघताना बंदूक हातात दिली आन् म्हनला, हिला बोटीवर न्हेता येत न्हाई, गोळी घाल. माजा हात झाला न्हाई. बंदूक तितंच ठिवली आन् कुत्री आनली."

मी म्हटलं, "उलट करायचंस. बंदूक तरी कोणी घेतली असती."

"बायकू बी तेच म्हनली," तो म्हणाला आणि कुत्रीची दोरी माझ्या हातात देऊन मोकळा झाला. तिचा एक कान अर्धा फाटलेला होता. विचारलं तर म्हणाला, बंगल्यात आणखी चार कुत्री होती, साहेब सगळ्यांना एकाच परातीत खायला घालायचा. एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. परीक्षेच्या दालनात पहिल्यांदाच बसलेल्या मुलासारखी ती माझ्याकडे बघत होती. साताऱ्याहून पुढे आगगाडीत गार्डाच्या डब्यात बसून ती सांगलीला आली, आणि घरी आमच्या हिने दार उघडल्यावर पहिलं वाक्य काढलं ते असं: "अहो, वाईहून लोक प्रसाद आणतात."

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या स्वयंपाकघराच्या मागे एक बुटकं दार होतं. रोज दुपारी वैश्वदेव झाला की तुम्ही कावळ्याचा आणि कुत्र्याचा भात पळसाच्या पानावर घेऊन त्या दारातून वाकून बाहेर जायचात, भिंतीपलीकडच्या दगडावर ठेवायचात आणि मागे न बघता परत यायचात. एकदा मी मागोमाग आलो. एका खरजुल्या कुत्र्याने कावळ्याचाही भात खाल्ला म्हणून मी त्याला दगड मारला. तुम्ही ओरडला नाहीत. "त्याने आपला वाटा घेतला, थोडा जास्त घेतला. तू अजून आपला घेतला नाहीस. पानावर बस," एवढंच म्हणालात. मी पाठशाळा सोडली त्या दिवशी तुम्ही दुसरं काही मागितलं नाहीत. जिथे राहशील तिथे कुत्र्याचा वाटा चुकवू नकोस, म्हणालात. गुरुजी, चुकवला नाही. रेशनच्या तांदळातूनही काढला. हिने एकदा विचारलंन, "कुत्र्यांना कार्ड नाही का मिळत?" तरी काढला.

कुत्री माणसांत सोन्यासारखी. दूधवाल्याला शेपूट, पोस्टमनला शेपूट, बायकोच्या पायाशी तर दिवसभर लोळण. पण दुपारी मी भात ठेवून आत आलो की अंगणात रण माजायचं. गल्लीतली तीन कुत्री रोजची, एखादं पाहुणं. ही दोरी तोडून जायची आणि एकेकाला लोळवून यायची. मी तिला बांधलं, आत कोंडलं, रागावलो, समजावलं, एकदा संस्कृतातही समजावलं. दिवाळीनंतर एका दुपारी समोरच्या वकिलांचं पांढरं लहान कुत्रं भाताच्या वासाने रस्ता ओलांडून आलं आणि कुत्रीने त्याचा पाय फोडला. वकील ओट्यावरून उतरून आले. एरवी हेच वकील चार माणसांत सांगत, समोर मास्तरांकडे अजून वैश्वदेव चालतो, या काळातही. त्या दिवशी ते वैश्वदेवाबद्दल काही बोलले नाहीत. "मास्तर, आठ दिवस देतो. नंतर म्युनिसिपालिटीत अर्ज. त्यांचा माणूस विषाचे लाडू घेऊन येतो हे तुम्हाला माहीत आहे." मला माहीत होतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीतून हातगाडी भरून गेली होती.

आठ दिवसांत घर शोधायचं, आणि तेही खोटं न बोलता. पहिले तीन दिवस मी कारणमीमांसेत घालवले. तुम्ही हसाल. वहीत पूर्वपक्ष मांडला: जात विलायती म्हणून, हवा बदलली म्हणून, साहेबाच्या संगतीने, जन्मतःच तामसी म्हणून. प्रत्येक पक्ष दुसऱ्या दिवशी मीच खोडला. विलायती म्हणावी तर वकिलांचं कुत्रंही विलायती, आणि ते तर उशीवर झोपतं. लिहिताना तुमचा झरोका आठवला. मी बारा-तेरा वर्षांचा, त्या दिवशी चूल माझ्याकडे. स्वयंपाकघर धुराने भरलंय, तुम्ही डोळे चोळत दारात उभे आहात, आणि मी कारणं सांगतोय: लाकडं ओली, वारा उलटा, चुलीचा मोहरा चुकला. तुम्ही सगळं ऐकून घेता आणि विचारता, "आणि झरोक्यावर पंचा कोणी वाळत घातलाय?" पंचा माझाच. "कारण शोधायला निघालास की आधी आपण कुठे उभे आहोत ते बघावं," असं तुम्ही म्हणालात. हे मला वही भरताना आठवलं, पण गोष्ट म्हणून आठवलं, उपयोगाला म्हणून नाही.

चौथ्या दिवशी कुत्री घेऊन हरिपूरच्या वाटेला गेलो. तिथे मोकळ्या रानात पूर्वेकडच्या दुष्काळी गावातले धनगर खतासाठी मेंढरं बसवायला आले होते. मला वाटलं, मेंढरांना राखण हवी, हिला घर हवं, रान मोकळं आहे. त्यांच्यातला म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्याने आधी तिला मेंढरांत सोडलं. कोकरं तिच्या पाठीवर चढली, ही डोळे मिटून पडली. माझी छाती फुगली. मग त्याने शीळ घातली, त्याची दोन कुत्री आली, आणि माझी छाती होती तिथे परतली. मेंढपाळाच्या दोन पोरांनी घोंगडी टाकून तिघांना सोडवलं.

"न्हाई जमायचं मास्तर," म्हातारा म्हणाला. "मेंढराला लय गुणाची हाय. पर माजी कुत्री मला टाकता येत न्हाईत. ही घरला कवा भांडती?"

"दुपारी."

"रोज दुपारीच?"

"बहुतेक रोज."

"मग दुपारी काय असतंय तुमच्या दारात?"

मी सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम, कुत्र्याचा वाटा, सगळं नीट सांगितलं. तो ऐकत राहिला, मग तिचा फाटका कान दोन बोटांत धरून मला दाखवला. "आवं, ह्यो कान खातानाच फाटलाय. हिच्या तोंडचा घास दुसऱ्यांनी ओढलाय कवातरी. आन् तुमी रोज हिच्या दारात गावच्या कुत्र्यांची पंगत मांडताय. वर म्हनताय, कुत्री भांडती." पोरं हसली. तो नाही हसला. म्हणाला, "घराला मागचं दार न्हाई व्हय?"

"आहे," मी म्हटलं आणि कुत्री घेऊन घराच्या वाटेला लागलो.

दुसऱ्या दिवशी प्रयोग केला. भात नदीकाठी नेऊन ठेवला. गल्लीतली कुत्री वेळेवर आली, रिकाम्या अंगणात थोडा वेळ थांबली, आणि सभा तहकूब करून गेली. आमची उंबऱ्यावर होती. उठली, गुरगुरली, आणि पुन्हा झोपली. पुढच्या दिवशीही तसंच. मी वकिलांकडे गेलो आणि सगळा सिद्धांत हेतूसह सांगितला. ते म्हणाले, "मास्तर, तुमचा भात हलेल. माझं कुत्रं रस्ता ओलांडणारच." आणि त्यांचं चूक नव्हतं. संध्याकाळी दोरीने फिरवताना कोपऱ्यावर एक कुत्रं पुढे आलं, तर हिच्या मानेवरचे केस उभे राहिलेच. कारण सापडलं म्हणजे रोग गेला असं नव्हे, हे वैद्यकात असेल, आपल्या न्यायशास्त्रात नव्हतं. दोन दिवस उरले होते.

मी पुन्हा हरिपूरला गेलो, तर घर त्या म्हाताऱ्या धनगरानेच सुचवलं. मिरजेच्या अंगाला त्याच्या लेंडीखतावर चालणारा एक पानमळा होता, सगळीकडून शेवरीचं दाट कुंपण, आत जायला एकच फाटक. मळा एक विधवा बाई पाहत होती, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, हात विड्याच्या पानांनी हिरवे. फाटकातच म्हणाली, "पायताण भाईर काढा." पानमळ्यात पायताण चालत नाही. मी वहाणा काढल्या आणि विचारलं, मग कुत्रं कसं चालेल.

"तिला कुटं पायताण हाय?"

मी ठरवून आलो होतो की दोष आधी सांगायचा. वाटेत दोन-तीनदा मोह झाला, गुरुजी. धनगराची कुत्री आठवली, विषाचा लाडू आठवला, आणि वाटलं, ही बाई मळ्यातून बाहेर पडत नाही, तिला कळणार कसं? फाटकाशी आल्यावर मात्र सांगून टाकलं. ही माणसांना काही करत नाही, पण दुसरं कुत्रं दिसलं की आवरत नाही. एकाचा पाय फोडलाय. खाताना कोणी जवळ नको.

बाईने तिच्याकडे पाहिलं. "माजी धाकली जाऊ अशीच हाय. सगळ्या गावात ग्वाड, निसत्या जावांत बसली की झालं. म्हनून तर मी हितं मळ्यात ऱ्हाते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पानं चोरायला येत्यात, ती समदी दोन पायांची. चार पायांचं हितं काय येत न्हाई. ऱ्हाऊ द्या." मी दोरी सोडली. कुत्री वेलांच्या वाफ्यांतून एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला गेली, कुंपणाचा वास घेतला, आणि पाटाच्या कडेला सावलीत पसरली. तिला एवढं लांब पसरलेलं मी आमच्या घरी पाहिलं नव्हतं. तिथे ती नेहमी दाराकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन झोपायची.

गेल्या रविवारी भेटायला गेलो. घरून हिने डबा दिलान, "तिच्यासाठी हो, तुमच्यासाठी नाही." बाईने डब्याकडे पाहून मान हलवली, "फाटकात काय ठिऊ नगा. वास गेला की गावची येत्याल." जे सांगलीत कळायला मला सहा महिने लागले ते तिने फाटकात उभ्या उभ्या सांगितलं. भात तिने आत नेला आणि कुंपणापासून लांब विहिरीपाशी तिला घातला. कुत्री जेवली, माझा हात चाटला, परत जाऊन झोपली. मला निरोप द्यायला ती फाटकापर्यंत आली नाही. थोडं लागलं, आणि मग वाटलं, कोण येतंय जातंय ते बघायची तिला आता गरज उरली नसावी.

तुम्हाला अजून बरंच विचारायचं आहे. तिला ती परात आठवते का, की नुसत्या भाताच्या वासाने अंग उठतं आणि का उठतं ते तिलाही ठाऊक नसतं? माणसाचं तरी वेगळं असतं का? उत्तर येणार नाही आणि हे पत्र मीही कुठे धाडणार नाही, पंचांगात तुमच्या तिथीच्या पानाशी ठेवीन. पण लिहिता लिहिता तुम्ही मध्येच दारात उभे राहता, डोळे चोळता, आणि त्या धनगराचाच प्रश्न विचारता, तेव्हा तुम्हाला तरी उत्तर दिलं पाहिजे. मागचं दार होतं, गुरुजी. चांगलं रुंद आहे, वाकावं लागत नाही, आणि पलीकडे दगडही आहे. आता भात तिथेच ठेवतो. चोवीस वर्षं पुढच्या दारात ठेवला, कारण मागचं दार वकिलांच्या ओट्यावरून दिसत नाही.