डोक्यावर तांबड्या अक्षरांत

३ नोव्हेंबर, सोमवार

कृतघ्न! मला! डोक्यावर, तांबड्या अक्षरांत, सगळ्या बाजारपेठेने वाचावं असं!

डोक्यावर म्हणजे टॅबलेटवरच्या खेळात मी जी बाई होऊन फिरते, तिच्या. पण डोकं माझंच. तिचं नाव मी बेनेडिक्टा ठेवलंय — शाळेतल्या मदर सुपीरियरवरून. कमरेला तलवार दिली आहे. मदरना ती शोभली असती. कालपर्यंत तिच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत 'पाहुणी' असं होतं. ही बिरुदं खेळ देत नाही, बरोबर खेळणारी माणसं देतात. तुम्ही त्यांच्याशी कसे वागलात त्यावरून. आज पुलावरच्या पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. 'कृतघ्नांना शहरात प्रवेश नाही.' होडीवालाही घेईना. आता पूल आणि दलदल, एवढंच जग.

आणि इकडे हॉल आणि बेडरूम. छान.

४ नोव्हेंबर

सकाळभर धुमसतेय. बाकी काही करण्यासारखं नाही. उन्हाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सौरभने मला नाशिकहून सिल्वासाला आणलं. ऑपरेशनची जखम केव्हाच भरून आली, दिवाळीही होऊन गेली. जाते म्हटलं की माझे चिरंजीव म्हणतात, "राहा गं, घाई काय आहे." तो आणि सूनबाई सकाळी मसाटला कामावर जातात, तो कारखान्यात मॅनेजर, ज्योती तिथेच ऑफिसात. मी तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. नाशिकच्या माझ्या घराची किल्ली सौरभच्या कपाटात, 'सांभाळायला'.

टॅबलेट ज्योतीचा. "आईंचा वेळ जाईल," म्हणाली. तेवढ्या खेळात मी चालत होते, डोंगर चढत होते. तिथेही दार लावून घेतलं लोकांनी.

५ नोव्हेंबर

शेवटी विचारलंच. खेळात बरोबर फिरणाऱ्या आमच्या टोळीत बोलता येतं, माईक असतो. कावेरी होती, आणि टेम्पो चालवणारा नवनाथ. कावेरी मूळची धुळ्याकडची, नरोलीला खोली घेऊन राहते, सुताच्या कारखान्यात पाळी करते. चेहरा पाहिलेला नाही, आवाज खणखणीत.

"कोणी दिलं मला हे बिरुद?"

"मी दिलं, मावशी," ती म्हणाली. "आन बाकीच्यांनी बी. आम्ही काय उष्टं देत होतो का तुम्हाला? औषध दिलं, रिजेक्ट. घोडा दिला, रिजेक्ट. ती घोंगडी तर मी सुट्टीचा पूर्ण दिवस बसून बनवली. तुम्ही बघितली पण नाही."

"अगं, मी आपलं नको म्हटलं. तू आग्रह करायचास."

"गेममधी आग्रहाचं बटन कुठंय, मावशी?"

नवनाथ इतका हसला की त्याला ठसका लागला. "मावशी, पंगत नाही हो ही," म्हणाला.

घरी आईने शिकवलं, कोणी काही पुढे केलं की आधी नको म्हणायचं. लगेच हात पुढे करतो तो हावरट. शाळेत नन्सनी तेच शिकवलं, 'नो, थँक यू, सिस्टर'. दोन्हीकडून पक्कं झालं. समोरच्याने पुन्हा विचारायचं, मग पुन्हा, मग आपण घ्यायचं. सगळ्या जगाला हे कळतं. ज्यांना साधा आग्रह करता येत नाही, ते मला कृतघ्न म्हणणार!

९ नोव्हेंबर, रविवार

दुधनीला गेलो. गेलो म्हणजे, नेलं. मी म्हटलं, "नको रे, मी घरीच बसते." मनापासून म्हटलं होतं. ज्योती हसली, "आईंचं नको म्हणजे माझी चप्पल कुठाय!" आणि खरंच माझी चप्पल आणून पुढ्यात ठेवली.

धरणावर पोचल्यावर होडीपर्यंतच्या पायऱ्या मला उतरवेनात. "तू गाडीत बस, आम्ही एक फेरी मारून येतो." बसले. ऊन काचेवर आलं म्हणून सावलीत उभं राहावं म्हटलं, तर दार उघडेना. मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं कुलूप असतं म्हणे. पुढच्या सीटवर चढून जाण्याचं वय नाही, गुडघाही नाही. काचेतून त्यांची होडी पाहत बसले. ज्योतीने लांबून हात केला. मीही केला. काय करणार.

११ नोव्हेंबर

नवनाथने बिरुद उतरवायची रीत सांगितली. ज्याचा अपमान केला, त्याच्याकडे भर बाजारात आपण होऊन काहीतरी मागायचं. दिलं की घ्यायचं. मग टोळी मत देते. रविवारी संध्याकाळी बाजार भरतो, माझ्यासाठी पूल तेवढ्यापुरता उघडतील. या वेळी नाही जमलं तर बिरुद कायमचं.

मागायचं! मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एवढी वर्षं काढली, शेजारच्या टेबलावर कधी पेन मागितलं नाही.

१३ नोव्हेंबर

जेवताना सौरभ सहज म्हणाला, "आई, नाशिकच्या घराला गिऱ्हाईक आलंय. नवरा-बायको आहेत, रविवारी बघायला जातील. विकून टाकू. तू तर आता इथेच."

"नको," मी म्हटलं. "विकायचं नाही."

"बरं बरं," तो म्हणाला आणि मला आमटी वाढली.

जेवण झाल्यावर बाल्कनीत फोनवर बोलत होता. सगळं ऐकू येत होतं. "नाही हो, आईची काळजी करू नका. ती पहिल्यांदा नकोच म्हणते. तुम्ही या."

तशीच बाल्कनीत गेले. "सौरभ, मी खरंच नको म्हणतेय."

"हो गं, कळलं."

मागून ज्योती, "आई, मनाला लावून घेऊ नका. आम्ही तुमच्यासाठीच करतोय ना?"

खेळात एकदा नको म्हटलं तर फासावर चढवतात. इथे घसा कोरडा होईपर्यंत म्हटलं तरी पानात वाढतातच.

१४ नोव्हेंबर

दोघं कामावर गेल्यावर माईक लावला. कावेरीची दुपारची पाळी, घरी होती.

"कावेरी, मला तुझ्याकडे काहीतरी मागायचंय."

"परवा मागा ना, बाजारात. आत्ता मागितलेलं धरत नाहीत."

"न धरू देत. तू उद्या गावी निघालीयेस ना? वाटेत मला नाशिकला सोड. जिना उतरताना हात धरायला कोणीतरी हवं."

"खरंच्या नाशिकला?"

"खरंच्या."

"घरचे?"

"घर माझंच आहे."

"आन परवाची वोटिंग?"

"टॅबलेट सुनेचा आहे. इथेच ठेवून येणार."

"मग ते लाल नाव जन्मभर राहील, मावशी. पुन्हा कोणी टोळीत घेणार नाही तुम्हाला. बघा हां, उद्या दारात आल्यावर नको-बिको म्हणाल."

"कावेरी."

"बरं, येते. नऊला. चहा ठेवा."

१५ नोव्हेंबर

दोघं कामावर गेल्यावर किल्ली काढली. कपाट त्याचं, किल्ली माझी. ज्योतीच्या फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे — 'नाशिकला जाते. परत न्यायला येऊ नये.' बेल वाजली.

१६ नोव्हेंबर, रविवार. नाशिक

घर बघायला आलेल्या जोडप्याला दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळी सौरभचा फोन. "एवढं केलं आम्ही तुझ्यासाठी, आणि तू अशी —" पुढचा शब्द त्याला उच्चारवेना. मीच सांगितला.